सुतळी

ग्लासगोहून तो आला तो डिसेंबर,
स्ट्रॉमनेसला दुपारी साडेतीनलाच अंधारतं तेव्हाचा.
फेरीतून उतरला, हातात कचऱ्याची काळी पिशवी,
तिच्यात त्याचं सगळं. वय आठ.
नाव विचारलं तर आधी माझ्या हातांकडे पाहिलं,
मग म्हणाला, डेक्लन.

तीस वर्षं मी धक्क्यावर बोटींचे दोर बांधले, सोडले.
पोरं वाढवायचं जे ठाऊक होतं ते बापाकडून आलेलं:
एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा पट्टा.
आणि आम्ही काय वाया गेलो का, असं मीही म्हणायचो,
बटाटे सोलताना, कुणी विचारलं नसताना.

पहिल्या रात्री मी पट्टा काढला.
नुसता काढला, खुर्चीवर टाकायला.
बकल वाजलं.
पलीकडच्या खोलीत सगळं थांबलं,
खाटेची कुरकुर, खोकला,
श्वाससुद्धा.
थोरा धावली. तो कपाटात, अंग चोरून,
बूट छातीशी धरून.
पळावं लागलं तर असू देत म्हणून,
हे त्यानंच सांगितलं, दीड वर्षानं.

सकाळी पट्टा शेडमध्ये नेऊन टांगला
आणि विजारीला सुतळी बांधली.
दुकानात लोक हसले. थोराही हसली.
हसू दे.
सुतळी वाजत नाही.

शिस्त नव्हती असं नाही.
जेवण सहाला म्हणजे सहाला.
कुत्र्याला लाथ मारायची नाही, हे शंभरदा,
शंभराव्यांदाही पहिल्याच आवाजात.
मारलीच तर मी दोघांच्या मध्ये फतकल मारून बसायचो,
त्याच्यापेक्षा ठेंगणा होऊन.
पण खोलीत कोंडणं नाही. दार लागलं
की तो दुसऱ्याच कुठल्या घरात जायचा,
आणि तिथला रस्ता मला माहीत नव्हता.

मला जमलं असं समजू नका.
फेब्रुवारीत तो मला कडकडून चावला
आणि माझा हात वर गेला.
खांद्यापर्यंत गेला. तो हात माझा नव्हता,
त्याच्यावर बापाचे लाल केस होते.
तो तसाच पुढे नेला, फळीवरचा मग काढला,
नळाखाली धरला, पाणी प्यालो.
त्यानं सगळं पाहिलं. असलं त्याच्या नजरेतून सुटत नाही.
म्हटलं, चुकलो. हात वर जायला नको होता.
त्यानं मला ते परत म्हणायला लावलं.

एप्रिलात आजोबांचा बॅरोमीटर फुटला.
फुटला म्हणजे त्यानं भिंतीवर आपटला,
आईचा ठरलेला फोन आला नव्हता त्या दिवशी.
मग भिंतीला पाठ लावून उभा, हनुवटी वर:
पट्टा कुठाय?
हॉटेलात बिल मागवावं तसं.
मार त्याला परवडायचा,
माराची वाट बघणं नाही.

मी खाली बसलो. गुडघे वाजले.
पट्टा शेडमध्ये गंजतोय, म्हटलं.
इथे काच आहे आणि तू अनवाणी. आधी बूट.
मग झाडू तू घे, सुपली मी धरतो.
काचेला पैसे पडतील. शनिवारी दोघं मिळून
कोंबड्यांचं खुराडं धुऊ, थोरा पैसे देईल.
आणि मग?
मग चहा.
आणि मग?
मग झोप.
आणि मग?
रात्री नऊपर्यंत विचारत राहिला.
मी सांगत राहिलो, सकाळ, दलिया, शाळेची बस,
परत सकाळ.

काच नवी बसली. काटा मात्र वादळावरच अडकलाय,
बाहेर ऊन असलं तरी.

काल माझी सुतळी तुटली.
त्यानं नवी आणली, स्वतः गाठ मारली,
दोन बोटं आत घालून पाहिली, श्वास घेता येतोय ना.
गाठ चुकीची होती.
जेवायच्या आधीच सुटली.
म्हटलं, परत बांध.